पयले त्याले हाक

खामगावहून पालखी निघाली तेव्हा अजून फटफटलंही नव्हतं. पंढरपूरहून परतलेली गजानन महाराजांची पालखी, पांढऱ्या कपड्यांतले सातशेच्या आसपास वारकरी, आणि मागंपुढं आमच्यासारखे शेगावपर्यंतचे सतरा-एक किलोमीटर चालायला आलेले. रस्ता दिसत नव्हता, नुसती डोकी. कुणी चहा पाजत होतं, कुणी केळी हातात कोंबत होतं. मी यंदा बाबांना घेऊन आले होते. त्यांच्या सदऱ्याचं टोक मी सोडतच नव्हते.

जुलैत आमच्याकडं पावसानं ताण दिला होता. पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही, उसनवारी करून दुसऱ्यांदा बियाणं आणलं, तर त्यानंही माना टाकल्या. बाबांचं बोलणं बंद झालं. ताटावरून अर्ध्यात उठायचे. एका दुपारी वावरातून परत आलेच नाहीत, फोनही लागेना. आमच्या भागात अशा वेळी घरातल्यांच्या मनात काय येतं, ते कुणाला सांगावं लागत नाही.

मी वेड्यासारखी फोन लावत सुटले. काका, मामा, कृषी केंद्रवाला. हात इतका थरथरत होता की एकच नंबर तीनदा लागला. आई मात्र चौकट धरून उभी राहिली. मी ओरडले, "माय, चाल ना!" ती म्हणाली, "थांब. पयले त्याले हाक मारू दे मले." डोळे मिटून तिनं "गण गण गणात बोते" म्हटलं, किती वेळा ते मी मोजलं नाही. मग "महाराजा, माह्या घरधन्याले सांभाळजो" एवढंच. डोळे उघडले तेव्हा तिचा आवाज बदललेला होता. "तू विहिरीकडं जाय. भाऊ पांदनीनं जाईन. मी नाल्याकडं पायतो."

त्या क्षणी घरात भान असलेली ती एकटीच होती. मी देवाला मानायचे, पण सगळीकडं फिरून झाल्यावर, कुणीच उरलं नाही की मग. तिनं त्याला सगळ्यांच्या आधी धरलं.

विहिरीच्या काठावरून आत वाकून पाहताना माझ्या तोंडूनही तेच नाव निघालं. खाली दोरखंडाचा तुकडा आणि हिरवट पाणी, बाकी काही नाही. मी तिथंच मटकन बसले.

बाबा मारुतीच्या पारावर सापडले.

दुसऱ्या दिवशी काका त्यांच्यासोबत बँकेत गेले, आणि आम्ही त्यांना डॉक्टरांकडं नेलं. गोळ्या अजून चालू आहेत. आईनं अंगाऱ्यासोबत गोळ्यांची वेळही कधी चुकवली नाही. पुढं पाऊस आला, मोडलेलं थोडं सावरलं.

चालताना पुढच्या दिंडीतली एक आजी पोथीतली अकोलीची गोष्ट सांगत होती. भास्कर पाटलानं तहानलेल्या महाराजांना पाणी नाकारलं, ते सरळ बारा वर्षं कोरड्या पडलेल्या विहिरीपाशी गेले आणि डोळे मिटून विठ्ठलाला आळवत बसले. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. मला तेव्हा विहीर भरली याचंच नवल वाटायचं. त्या सकाळी मनात राहिलं ते कोरड्या काठावरचं त्यांचं बसणं.

बाबा कितीतरी वेळ काही बोलले नाहीत. मग टाळांच्या आवाजात, माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्या दिशी डोक्यात लय वाईट भरलं होतं वं बाई. पार दिसला, बसलो. हनुमंताले म्हटलं, आता तूच धर मले. मंग उठावंच नाई वाटलं."

मी काही बोलू शकले नाही. सदऱ्याचं टोक सोडलं आणि त्यांचा हात धरला. तळहाताला घट्टे, मधे ओलसर घाम.

शेगाव जवळ आलं तसं बाबा अचानक रस्त्याच्या कडेला उतरले. माझ्या छातीत धस्स झालं. ते कुणाच्या तरी वावराच्या धुऱ्यावर उकिडवे बसले होते, सोयाबीनचं एक झाड दोन बोटांनी हलकेच वर करून पानाखाली बघत.

"फूल धरलं वं," ते म्हणाले. मागून पालखी आली. त्यांनी हातातली माती कपाळाला लावली आणि उठून भजनात मिसळले.