तळणीच्या तेलाचा साबण : तांबड्या ठिपक्यांचा छडा लागला

पावसाळा सरल्यावर फडताळातल्या साबणाच्या वड्या उजेडात काढून पाहिल्या आणि एका घाण्याची प्रत्येक वडी जशी कापली होती तशीच पांढुरकी, कोरडी आणि खवट वासाचा लवलेशही नसलेली निघाली. मागच्या बऱ्याच नोंदी ज्या तांबड्या ठिपक्यांनी व्यापल्या, त्यांचे मूळ सापडले आहे, असे आता खात्रीने लिहिता येते. फराळातून उरलेल्या तेलाचा कपड्यांचा साबण निदान पुढच्या दिवाळीपर्यंत टिकावा, हा आपणा सर्वांचाच हट्ट असतो. पावसाळ्यात खवटणाऱ्या वडीत तेलाबरोबर चांगले खोबरेल आणि कॉस्टिक सोडाही वाया जातो.

ठिपक्यांचा क्रम तुम्हांला ठाऊक आहेच. वडी मुरून कडक होते, फेस उत्तम येतो, आणि हवेत दमटपणा आला की कोपऱ्यावर केशरी तेलकट टिंब उमटते, ते हळूहळू पसरते आणि वडी नाकाशी धरली की जुन्या तेलाचा दर्प येतो. साबण न झालेले थोडे तेल आणि वडीतली असंतृप्त मेदाम्ले हवेतल्या प्राणवायूने खवटतात, एवढे सर्वमान्य आहे. त्यामुळे करडईचे तेल मी पूर्वीच बाद केले, कारण त्यात लिनोलेइक हे असंतृप्त मेदाम्ल 70 टक्क्यांच्या आसपास असते; शेंगदाण्याच्या तेलात ते त्याच्या निम्म्याहूनही कमी असते. सुपरफॅट, म्हणजे साबण न होता वडीत मुद्दाम राखलेले तेल, 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणले, तेव्हा ठिपके उशिरा आले, पण आले. बोअरचे पाणी सोडून बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी वापरले, तरी फरक नगण्य होता.

हळदीवरचा संशयही इथेच दूर करतो. बटाटेवड्यांच्या तेलात लाय, म्हणजे पाण्यात विरघळवलेला कॉस्टिक, ओतली की मिश्रण क्षणात विटकरी लाल होते, आणि त्या रंगाने अनेकांना धास्ती वाटते. साबण लावल्यावर आमटीचा डाग लाल होतो, त्यातलीच ही गोष्ट आहे: हळदीतला कर्क्युमिन क्षारात लाल दिसतो. हा रंग सगळीकडे सारखा असतो आणि वडी मुरताना फिकट होत जातो. खवटपणाचे ठिपके नंतर येतात, तुटक असतात आणि वाढत जातात. दोन्ही एकमेकांत मिसळू नयेत.

धागा सापडला तो एका वडीच्या तळाशी. जुन्या लोखंडी जाळीवर मुरत ठेवलेल्या वड्या उलटल्या, तेव्हा तळाशी ठिपके वाटेल तसे विखुरलेले नव्हते. जाळीच्या तारा जिथे एकमेकींना छेदतात, नेमक्या तिथे, एका ओळीत, सारख्या अंतरावर ते उमटले होते. त्याच घाण्यातल्या वेताच्या दुरडीत ठेवलेल्या वडीचा तळ स्वच्छ होता, मात्र तिच्या अंगावर इतरत्र दोनतीन ठिपके होते. लोखंड आणि तांबे यांचे सूक्ष्म अंशही तेलाचे खवटणे वेगाने वाढवतात, हे वाचलेले होते. ते असे आखून दिल्यासारखे डोळ्यांसमोर आल्यावर मात्र विचार जाळीवर थांबला नाही, तो थेट कढईकडे गेला. आमच्याकडे चकल्या, शेव, चिरोटे सारे लोखंडी कढईत होते, आणि तळण संपल्यावर तेल निवेपर्यंत त्याच कढईत राहते. जाळी बाहेरून लोखंड देत होती, तर कढईने ते आधीच तेलात सोडलेले असणार.

मग पडताळणीसाठी तीन घाणे काढले. पहिला लोखंडी कढईतल्या तेलाचा, दुसरा त्याच तेलाचा पण सायट्रिक आम्ल घातलेला, तिसरा स्टीलच्या कढईत तळलेल्या तेलाचा, काहीही न घालता. खोबरेलाचे प्रमाण, कॉस्टिकची बरणी आणि मुरवण्याची दुरडी तिन्हींना एकच होती. पहिल्या घाण्यावर मृगाच्या सरींबरोबरच ठिपके दिसू लागले. तिसऱ्यावर श्रावणात दोन वड्यांच्या कडांना थोडे आले. दुसरा घाणा म्हणजे सुरुवातीला लिहिलेल्या त्या स्वच्छ वड्या.

सायट्रिक आम्ल, म्हणजे वाण्याकडचे लिंबूसत्त्व, लायमध्ये गेल्यावर त्याचे सोडियम सायट्रेट होते आणि ते धातूचे अंश धरून ठेवते, त्यामुळे ते तेलाला उपद्रव करू शकत नाहीत. मात्र हे आम्ल आपल्या वाट्याचा कॉस्टिक खाते. 1 ग्रॅम सायट्रिक आम्लाला साधारण 0.62 ग्रॅम कॉस्टिक लागतो. तेवढा वाढवला नाही तर सुपरफॅट नकळत वर जाते आणि खवटपणाला पुन्हा वाट मिळते. माझे प्रमाण असे होते: तळणीचे शेंगदाणा तेल 700 ग्रॅम, खोबरेल 300 ग्रॅम. 1 ग्रॅम तेलाचा पूर्ण साबण व्हायला शेंगदाण्याला 0.136 आणि खोबरेलाला 0.183 ग्रॅम धरून कॉस्टिक 150 ग्रॅम होतो. त्यातून सुपरफॅटसाठी 2 टक्के वजा केले की 147, आणि तेलाच्या 1 टक्का, म्हणजे 10 ग्रॅम, सायट्रिक आम्लासाठी 6 ग्रॅम अधिक, असा एकूण 153 ग्रॅम. पाणी 300 ग्रॅम. आम्ल आधी पाण्यात पूर्ण विरघळवावे, मग त्या पाण्यात कॉस्टिक थोडा थोडा सोडावा, कारण आम्लामुळे उष्णता नेहमीपेक्षा जास्त येते. कॉस्टिकवर पाणी ओतणे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे जवळ आणणे याला कधीच मुभा नाही.

कॉस्टिकविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. सुटा, पातळ पिशवीत बांधून मिळणारा माल घेऊ नये. एका दुकानातून आणलेल्या पापड्यांचे घरी येईपर्यंत ढेकूळ झाले होते. हवेतली ओल प्यायलेल्या मालाचे वजन फसवे असते आणि 2 टक्क्यांचा हिशेब त्यावर चालत नाही. जाड झाकणाच्या बरणीत सीलबंद मिळणारा महाग पडतो, पण तोच परवडतो. मोऱ्या साफ करण्याच्या पुड्या तर घेऊच नयेत, काहींत ॲल्युमिनियमचे कण असतात. वजनकाटा 1 ग्रॅमपर्यंत मोजणारा चालतो; सायट्रिक आम्लासाठी 0.1 ग्रॅमचा असल्यास उत्तम. सिलिकॉनच्या साच्यांवर पैसे घालवण्याचे मला कारण दिसत नाही. मोडक्या टेबलाचा लाकडी खण घेऊन त्याला धुऊन, उभ्या कापलेल्या दुधाच्या पिशव्यांचे अस्तर लावले आहे. पिशवी सुरकुती न पडता ताणून बसवली की लादी अलगद सुटते आणि तिच्या कडा इतक्या सरळ येतात की तारेने कापताना हात लावत राहावेसे वाटते. हा खण या वर्षीचा माझा सर्वांत आवडता जुगाड आहे.

आता पितृपक्षात वडे तळलेले तेल गाळून ठेवले आहे आणि त्याचा याच प्रमाणाने घाणा काढायचा, असे ठरवून मी ही नोंद लिहायला घेतली होती. पण वरचे 300 ग्रॅम खोबरेल लिहिताना ते मनाला टोचू लागले. उरलेल्या तेलाचे चीज करण्यासाठी दर वेळी नवे, महाग तेल विकत आणणे काटकसरीच्या हिशेबात बसत नाही. खोबरेल फेसासाठी असते, आणि बादलीत कपडे भिजवताना फेसाची तेवढी गरज नसते. तेव्हा केवळ तळणीच्या तेलाचा साबण करून, तो भरपूर पाण्यात उकळून, त्यात मीठ टाकून फोडायचा विचार आहे. मिठाने साबण पाण्यापासून सुटून वर तरंगतो आणि मसाल्याचा रंग, वास व जादा क्षार बराचसा खालच्या पाण्यात राहतो. खोबरेलाचा साबण खाऱ्या पाण्यातही विरघळत असल्याने तो असा सहजी फुटत नाही. म्हणजे इथे खोबरेल नसणेच सोयीचे आहे. हा साबण किसून धुण्याच्या सोड्यात मिसळला तर आमच्या जड पाण्यातही चालावा, कारण सोडा पाण्यातले कॅल्शियम आधीच पकडतो आणि कपड्यांवर राखाडी साका बसत नाही.

मासे तळलेल्या तेलासाठीही हीच रीत करून पाहणार आहे. त्याचा वास आजवर कशानेच गेला नाही. पुन्हापुन्हा तापवल्याने तेलात साचणारी एकूण ध्रुवीय संयुगे 25 टक्क्यांच्या वर गेलेले तेल खाण्यास वापरू नये, असा नियम 1 जुलै 2018 पासून आहे, पण घरात ते मोजायचे यंत्र नसते. तेल काळवंडले, दाट झाले किंवा तळताना फेसाळू लागले की मी ते साबणाच्या बरणीत टाकतो. दिवाळीला चकल्या स्टीलच्या कढईत तळाव्यात, असे घरात सुचवले आहे. आई म्हणते, चकलीला लोखंडी कढईच हवी. तेव्हा तेल कोमट असतानाच कढईतून काढून काचेच्या बरणीत गाळायचे आणि लिंबूसत्त्व घालायचेच, यावर आमचे एकमत झाले आहे. मीठ टाकून फोडलेल्या घाण्याची वजने आणि मिठाचे प्रमाण पुढच्या नोंदीत देईन. कोणी हे आधी केले असेल तर मीठ खडे घातले की विरघळवून, तेवढे जरूर कळवावे.