टेटमचा डावा हात

आर्ट टेटम हा जॅझमधला सर्वांत थोर पियानोवादक होता की केवळ सर्वांत तयारीचा, हा वाद त्याच्या हयातीतच सुरू झाला आणि तो जाऊन अर्धशतकाहून अधिक काळ लोटला तरी मिटलेला नाही. आम्हा पाच-सहा जॅझवेड्या स्नेह्यांमध्येही तो अधूनमधून पेटतो. गेल्या महिन्यात एकाने टेटमची १९३३ची ‘टायगर रॅग’ लावली. अडीच मिनिटांच्या आत संपणारी ती तबकडी थांबल्यावर आमच्यातले सर्वांत वडीलधारे गृहस्थ, जे आयुष्यभर गवयांना पेटीची साथ करत आले आहेत, शांतपणे म्हणाले, “तयारी अफाट आहे, पण यात गाणे कुठे आहे?” या प्रश्नाचा मला प्रथम राग आला. घरी परतताना मात्र वाटू लागले की प्रश्न रास्त आहे, फक्त तो चुकीच्या तबकडीला विचारला गेला.

‘टायगर रॅग’ का ध्वनिमुद्रित झाली हे लक्षात घेतले पाहिजे. ओहायो राज्यातल्या टोलेडो गावचा, लहानपणापासून मोतीबिंदूने जवळजवळ अंध असलेला हा मुलगा १९३२मध्ये अ‍ॅडेलेड हॉल या गायिकेचा साथीदार म्हणून न्यूयॉर्कला आला. तेव्हा तिथल्या हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत फॅट्स वॉलर, जेम्स पी. जॉन्सन, विली ‘द लायन’ स्मिथ या पियानोवादकांचे राज्य होते, आणि तिथे नव्या वादकाला पियानोवर बसून आपली जागा जिंकून घ्यावी लागे. पुढच्याच वर्षी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने ब्रन्सविक कंपनीसाठी एकट्याने चार गाणी वाजवली; ‘टायगर रॅग’ त्यांपैकी एक. समोरच्याला गारद करण्यासाठीच हे वादन बांधलेले आहे, आणि ते काम त्याने चोख बजावले. कॅनडात किशोरवयीन ऑस्कर पीटरसनला, जो पुढे स्वतःच नामांकित जॅझ पियानोवादक झाला, वडिलांनी ही तबकडी ऐकवली, तेव्हा दोन माणसे मिळून वाजवत आहेत असे त्याला वाटले. एकच माणूस आहे हे कळल्यावर त्याने काही काळ पियानोला हातच लावला नाही, असे तो स्वतः सांगत असे. वेगाचे हे वलय इतके टिकले, की १९९०च्या दशकात संगणकाने लय मोजू पाहणाऱ्या संशोधकाने कालमापनाच्या सर्वांत लहान एककाला ‘टेटम’ हेच नाव दिले. तरीही या एका तबकडीवरून टेटमचे माप घेणे म्हणजे एखाद्या गवयाचे मोल केवळ त्याच्या द्रुत तराण्यावरून ठरवण्यासारखे आहे.

टेटमवरचा सर्वांत गंभीर आक्षेप वेगाविषयी नाहीच. तो फ्रेंच समीक्षक आंद्रे होदेर याने १९५५मध्ये घेतला. निर्माता नॉर्मन ग्रँझ याने १९५३च्या डिसेंबरात टेटमला लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत बसवले होते आणि हवे ते, हवे तितका वेळ वाजवण्याची मुभा दिली होती. तीन मिनिटांच्या तबकडीची मर्यादा टेपमुळे संपली होती. पहिल्या दोनच दिवसांत सुमारे ७० गाणी, बहुतेक सगळी पहिल्याच खेपेस, ध्वनिमुद्रित झाली आणि पुढच्या बैठकींत ती संख्या शंभराच्या वर गेली. होदेरचे म्हणणे असे होते, की एवढे स्वातंत्र्य मिळूनही या माणसाने बाजारातली प्रेमगीतेच निवडली आणि मूळ चाल सोडून नवी चाल रचण्याऐवजी त्या चालीलाच दागिने घालत बसला. टेटमला गुरुस्थानी मानणारा पियानोवादक बिली टेलर याने त्याला जाहीर उत्तर दिले. पुढे १९८९मध्ये गुंथर शुलरसारख्या मातब्बर अभ्यासकानेही टेटमच्या मौलिकतेविषयी शंका नोंदवल्याच.

होदेरचे निम्मे म्हणणे मला मान्य आहे. ग्रँझची ही ध्वनिमुद्रणे नंतर तेरा तबकड्यांच्या संचात आली. तो संच ओळीने ऐकण्याचा प्रयत्न मी एका पावसाळ्यात केला आणि चौथ्या तबकडीवर हात टेकले. वरून खाली कोसळणारी, पाच स्वरांची, आपल्याला थेट भूपाच्या अवरोहाची आठवण करून देणारी ती तान इतक्या वेळा येते, की गाणे संपत आल्याची खूण म्हणूनच ती ऐकू येऊ लागते. ‘विलो वीप फॉर मी’ हे गाणे त्याने १९४९मध्ये कॅपिटल कंपनीसाठी वाजवले आणि पुढे ग्रँझसाठीही वाजवले. दोन्ही एकापाठोपाठ ऐकली तर जागा, वळणे, शेवट हे जवळजवळ सारखे आहे. ज्या संगीतात उपज हाच धर्म, तिथे असे बांधीव वादन संशयास्पद वाटणारच. मात्र हे संच ओळीने ऐकण्यासाठी नाहीत. रोज एकच गाणे ऐकले तर थकवा येत नाही, आणि होदेरला जे नुसते दागिने वाटले त्यांच्याखाली काय चालले आहे तेही कळू लागते.

माझा मुद्दा त्या खालच्या बाजूचाच आहे. टेटमविषयी भांडणारे दोन्ही पक्ष त्याच्या उजव्या हाताविषयी भांडतात. हार्लेमच्या वादकांच्या ‘स्ट्राइड’ पद्धतीत डावा हात पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर खर्जातला स्वर आणि दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर मध्य सप्तकातला कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ, वाजवत उड्या घेत असतो. (त्याच काळात शिकागोत नाव झालेला टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक १९३०च्या दशकात मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवत होता, तेव्हा अशा वादनाची खमंग चव आपल्याकडच्या, विशेषतः गोव्याहून आलेल्या, वादकांना प्रत्यक्ष मिळाली होती.) टेटमने हा ठेका आत्मसात केला आणि मग तो पोखरला. त्याच्या डाव्या हातात खर्ज आणि कॉर्ड यांच्या मध्ये आणखी एक सूर सरकत असतो, आणि तो सूर स्वतःची वेगळी चाल गात असतो. गाणाऱ्याला अपेक्षित असलेल्या कॉर्डच्या जागी तो दूरच्या पट्टीतला कॉर्ड ठेवतो, क्षणभर आपला तोल जातो, आणि पुढच्या मात्रेवर तो असा परततो की जणू काही घडलेच नाही. ‘टी फॉर टू’मध्ये तो ओळीच्या मधोमध अख्खे गाणे अर्ध्या स्वराने सरकवून पुन्हा जागेवर आणतो. चाल तीच राहिली, ही होदेरची तक्रार खरी आहे. पण त्या चालीखालची जमीन दर आवर्तनात वेगळी असते. दिशा न बदलता जमीन बदलणे ही नवनिर्मिती नाही असे कोणी म्हणत असेल, तर तो शब्द फारच तोकडा वापरला जात आहे.

आणि टेटमला उपज येत नव्हती, हा आरोप तर जेरी न्यूमनच्या तबकड्यांपुढे टिकतच नाही. कोलंबिया विद्यापीठातला हा विद्यार्थी १९४०-४१मध्ये तबकड्या कोरणारे यंत्र उचलून हार्लेममधल्या पहाटेपर्यंत चालणाऱ्या अड्ड्यांवर जात असे. पियानो बेसूर, ग्लासांचा किणकिणाट, मध्येच कुणाचे हसणे, आणि या सगळ्यात टेटम स्वतःच्या गावावरचा ब्लूज चक्क गाऊन दाखवतो, थोड्या घोगऱ्या आणि अगदी साध्या आवाजात. इथे त्याला कोणाला हरवायचे नव्हते. ‘स्वीट जॉर्जिया ब्राउन’मध्ये फ्रँकी न्यूटनचा ट्रम्पेट मोजके स्वर लावतो आणि टेटम त्याच्या मागे असा दूर दूर हिंडून येतो, की न्यूटन गाणे कसे सोडत नाही याचेच आश्चर्य वाटते. ही ध्वनिमुद्रणे १९७३मध्ये, म्हणजे टेटमच्या मृत्यूनंतर सतरा वर्षांनी प्रसिद्ध झाली आणि त्यांना ग्रॅमी मिळाले. संग्रहाला दिलेले ‘गॉड इज इन द हाउस’ हे नाव फॅट्स वॉलरच्या तोंडी घातल्या जाणाऱ्या एका उद्गारावरून आले आहे: टेटम आत येताच वॉलर म्हणाला म्हणे, की मी नुसता पियानो वाजवतो, पण आज देवच घरात आला आहे. होदेरने १९५५मध्ये मत दिले तेव्हा हे वादन त्याच्यापुढे असणे शक्यच नव्हते, आणि त्याला दोष देताना आपण हे सोयीस्करपणे विसरतो.

इतरांबरोबरच्या ध्वनिमुद्रणांविषयी मी फार बोलणार नाही. गिटार आणि बासबरोबरचे १९४३नंतरचे त्रिकूट लोकप्रिय होते, मला ते चटपटीत वाटते आणि तेवढेच. अपवाद सॅक्सोफोनवादक बेन वेब्स्टरबरोबरच्या ध्वनिमुद्रणाचा. ११ सप्टेंबर १९५६ रोजी, टेटम मूत्रपिंडाच्या विकाराने खंगलेला असताना, ते झाले. ५ नोव्हेंबरला तो गेला, वय अवघे सत्तेचाळीस. टेटम साथीदाराचे ऐकत नाही, सगळी जागा व्यापून टाकतो, ही तक्रार इथेही केली जाते, आणि तो खरोखरच व्यापतो. मात्र वेब्स्टरने त्याच्याशी झुंज घेतली नाही. त्याच्या सॅक्सोफोनमधून स्वरापेक्षा श्वासच अधिक ऐकू येतो. एकेक स्वर तो इतका लांबवतो की टेटमच्या स्वरांचा पाऊस त्या स्वराच्या पागोळीवरून ओघळत राहतो. पेटीवाल्या स्नेह्यांना मी ‘माय वन अँड ओन्ली लव्ह’ ऐकवले तेव्हा ते म्हणाले, “हा मुख्य गवई शहाणा आहे, संवादिनीने जागा भरल्या तर भरू देतो.” अनुभवातून आलेले हे मत मी कुठल्याही समीक्षेपेक्षा वरचे मानतो.

त्या संध्याकाळी शेवटी मी १९५५चे ‘टू मार्व्हलस फॉर वर्ड्‌स’ लावले. हॉलिवूडमधला संगीतकार रे हाइनडॉर्फ याच्या घरच्या मेजवानीत टेटम वाजवत होता आणि यजमानाने यंत्र सुरू ठेवले होते. पियानो उत्तम, श्रोते ओळखीचे, घाई कसलीच नाही. मध्यावर कुठेतरी डावा हात खालची पट्टी बदलत बदलत इतका दूर निघून जातो, की उजव्या हातातली ओळखीची चाल परदेशात भेटलेल्या शेजाऱ्यासारखी वाटू लागते. गाणे संपल्यावर पेटीवाले काही बोलले नाहीत. त्यांनी ते पुन्हा लावायला सांगितले, आणि तिसऱ्या वेळी कोपऱ्यातली पेटी पुढे ओढून भाता सोडला. काळी एक, मग पांढरी तीन, मग पुन्हा काळी. प्रत्येक पट्टीवर बोट ठेवून ते मान हलवत राहिले. आतून जेवायला बसण्याची हाक दोनदा येऊन गेली. कोणीतरी त्यांना आठवण करून दिली, की गाणे कुठे आहे हा तुमचाच प्रश्न होता.

“गाण्याचे नंतर बघू,” ते म्हणाले, “आधी हा गेला कुठे ते कळू द्या. लावा, सुरुवातीपासून लावा.”