तुम्ही विचारलंत म्हणून: पेशवाईतल्या बायका दिवसभर काय करत?

अठराव्या शतकातील महाराष्ट्रावर मी कुठेही बोलले, की शेवटी हा प्रश्न हमखास येतो: लढाया झाल्या, कारस्थाने झाली, पण त्या काळच्या बायका दिवसभर करत तरी काय होत्या? विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बहुधा नथ घालून झोपाळ्यावर बसलेली वाड्यातली बाई असते. माझे उत्तर असे, की बहुतेक जणी आधी दळत होत्या.

पहाटे अंधारातच जाते सुरू होई आणि ते रोज सुरू होण्यामागे केवळ रीत नव्हती. बाजरीचे पीठ फार दिवस टिकत नाही, ते लवकर कडू होते. त्यामुळे जिथे बाजरी खाल्ली जाई, तिथल्या घरात महिन्याचे पीठ एकदम करून ठेवण्याची सोय नव्हती. लागेल तेवढे मूठमूठ धान्य वैरायचे, खुंटा धरून ओढत राहायचे आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच करायचे. कोकणात भाताचे जेवण, म्हणून तिथे कांडण्याचे कष्ट अधिक. हे काम एकटीने किंवा समोरासमोर बसून दोघींनी होई आणि एरवी सासरी उच्चारता न येणारे माहेराचे दुःख ओवीतून मोकळे करता येई. या ओव्या तोंडोतोंडी आल्या आहेत. त्यामुळे अमुक ओवी नेमकी पेशवाईतलीच, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

मात्र पुढचा दिवस कसा जाई, हे कोणाचे घर यावर ठरे. कुणब्याची बायको भाकरी थापून शेतात जाई, खुरपणी आणि काढणी तिच्याशिवाय होत नसे. तिला ‘घरात बसलेली’ म्हणणे हास्यास्पद आहे. ब्राह्मण घरात सोवळ्याचा स्वयंपाक, कुलाचार आणि पंक्ती यांत दिवस जाई, आणि तिथे विधवेच्या वाट्याला कष्ट येत, पण सणाचा मान येत नसे. पाण्याची खेप सर्वत्र होतीच. पुण्यात 1750 च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून नळाने पाणी आणून हौद भरले, तेव्हा त्या शहरापुरती ती थोडी कमी झाली असावी.

श्रीमंत वाड्यातले दळण-कांडण मालकिणीऐवजी कुणबिणी करत. कुणबीण म्हणजे कुणब्याची बायको नव्हे, तर विकत घेतलेली दासी. दुष्काळात पोटासाठी विकल्या गेलेल्या मुली त्यांत होत्या, तशाच बदकर्माच्या, म्हणजे व्यभिचाराच्या, आरोपावरून सरकारने कुणबीण ठरवलेल्या बायकाही होत्या. काहींना किल्ल्यांवर कामाला पाठवले जाई. पेशवे दफ्तरात त्यांच्या खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, किंमतही लिहिलेली सापडते. वाड्यातल्या स्त्रियांच्या दिनक्रमाची हौसेने वर्णने करणारे लोक या कागदांपाशी थांबत नाहीत, याचे मला वाईट वाटते.

दळण्याचे हे काम पेशवाईबरोबर 1818 मध्ये संपले नाही. पिठाची गिरणी अनेक खेड्यांत विसाव्या शतकात पोहोचली, त्यामुळे आज वयोवृद्ध असलेल्या कित्येक जणींनी लहानपणी आईसमोर बसून खुंटा ओढलेला आहे. तुमच्या घरात अशी कोणी असेल, तर एका जेवणापुरते पीठ दळायला किती वेळ लागे, हे तिला विचारून पाहा. दफ्तरातल्या कोणत्याही कागदापेक्षा ती ते नेमके सांगेल.