उलटीची गोळी आणि वाकडी झालेली मान

मालवण तालुक्यातील किनाऱ्यालगतच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी वैद्यकीय अधिकारी होते तेव्हाची ही गोष्ट आहे. पावसाळ्याचे पहिले दिवस होते, विहिरींत गढूळ पाणी उतरले होते आणि बाह्यरुग्ण विभागात जुलाब-उलट्यांच्या रुग्णांची रीघ लागली होती. अशा एका सकाळी एक रिक्षा थेट पायरीपाशी येऊन थांबली आणि अठरा-एकोणीस वर्षांच्या एका मुलीला तिच्या वडिलांनी व काकांनी अक्षरशः उचलून आत आणले. तिची मान डाव्या खांद्याकडे पिळल्यासारखी वळली होती, बुबुळे वर जाऊन तिथेच खिळली होती, जीभ बाहेर येत होती आणि शब्द फुटत नव्हता.

"डॉक्टरीणबाय, चेडवाक भायरचा लागला," वडील म्हणाले. "गुरवाक सांगून ठेवलंय, पण आधी तुमका दाखवूया म्हटलंय."

आधी दाखवायला आणले, याबद्दल मी आजही त्या माणसाची ऋणी आहे. कौल लावणे हा त्या घराच्या श्रद्धेचा भाग होता आणि मुलीचा तो अवतार पाहून कोणाच्याही मनात बाधेचा विचार यावा, असेच ते दृश्य होते.

फिट म्हणावी तर ती शुद्धीवर होती. "ऐकू येत असेल तर माझे बोट दाब," असे मी सांगताच तिने ते घट्ट दाबले. धनुर्वाताची शंका मनात होती, पण अंगावर कुठे जखम नव्हती, जबडा हाताने उघडत होता आणि पोट मऊ होते. ताप नव्हता, रक्तातील साखरही ठीक होती. मग औषधांची चौकशी सुरू केली. आदल्या दिवसापासून उलट्या होत होत्या, म्हणून रात्री जवळच्या एका खाजगी दवाखान्यात तिला इंजेक्शन दिले होते आणि कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून दिल्या होत्या. पहिली गोळी उलटून पडली म्हणून घरच्यांनी लगेच दुसरी दिली होती आणि पहाटे आणखी एक. गोळीचे नाव कोणालाच माहीत नव्हते. तेवढ्यात मागून आलेल्या आजीने कनवटीची गाठ सोडून एक पुडी माझ्यापुढे धरली. आत कात्रीने कापलेला पट्टीचा एकच तुकडा उरला होता. नावाचा पुढचा भाग कापला गेला होता, पण चंदेरी कागदावर '...क्लोप्रामाइड' एवढी अक्षरे शाबूत होती, आणि तेवढी पुरेशी होती.

मेटोक्लोप्रामाइड हे उलटीवरचे जुने, स्वस्त आणि उपयुक्त औषध आहे. ते जठर लवकर रिकामे होण्यास मदत करते, पण उलटी थांबवण्याचे त्याचे मुख्य काम मेंदूत, डोपामिन या रसायनाची वाट अडवून होते. हीच अडवणूक हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या भागात झाली, तर डोपामिन आणि अ‍ॅसिटिलकोलिन या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनाचा तोल बिघडतो आणि मान, डोळे, जबडा, जीभ यांचे स्नायू आपोआप आखडतात. मुले आणि तरुण मुली यांच्यात हे अधिक दिसते, बहुधा औषध सुरू केल्यापासून पहिल्या एक-दोन दिवसांत, आणि नेहमीच्या मात्रेतही. युरोपीय औषध संस्थेने २०१३ मध्ये हे औषध जास्तीत जास्त ५ दिवस आणि प्रौढांना दिवसाला ३० मिलिग्रॅमपर्यंतच द्यावे, अशी शिफारस केली, ती अशाच त्रासांमुळे.

मी प्रोमेथाझिनचे २५ मिलिग्रॅमचे इंजेक्शन स्नायूत खोल दिले आणि शरीरातले पाणी कमी झाले होते म्हणून सलाईन लावले. प्रोमेथाझिन अ‍ॅसिटिलकोलिनचा जोर कमी करते, त्यामुळे बिघडलेला तोल सावरतो. आधी बुबुळे खाली आली, मग मान हळूहळू सरळ झाली आणि अर्ध्या तासाच्या आत तिने आजीकडे पाणी मागितले. सगळे बोलणे आपल्याला ऐकू येत होते, गुरवाविषयीचेही, पण सांगता येत नव्हते, असे ती म्हणाली आणि रडू लागली.

त्या डॉक्टरांनी चुकीचे औषध दिले, असे मी म्हणणार नाही. मात्र नाव न लिहिता पुडीत गोळ्या बांधून देण्याची पद्धत मला आजही अस्वस्थ करते. पट्टीचा तो तुकडा आजीने टाकून दिला असता तर निदानाला उशीर झाला असता. शिवाय मान किंवा डोळे आखडल्यास गोळी बंद करून लगेच या, एवढे एक वाक्य घरच्यांना सांगितलेले असते, तर त्या पहाटेची निम्मी भीती टळली असती.

इंजेक्शनचा असर मेटोक्लोप्रामाइडच्या आधी ओसरला तर त्रास उलटू शकतो, म्हणून तिला संध्याकाळपर्यंत ठेवून घेतले आणि पुढच्या दोन दिवसांसाठी अ‍ॅसिटिलकोलिनचा जोर कमी करणाऱ्याच ट्रायहेक्सिफेनिडिलच्या गोळ्या दिल्या. जलसंजीवनी आणि मीठ घातलेली पेज चालू ठेवायला सांगितली. केसपेपरवर त्रास देणाऱ्या औषधाचे नाव लाल शाईने लिहिले. वडिलांनी तेच वेगळ्या चिठ्ठीवर मागून घेतले आणि रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले.

फेरतपासणीला आली तेव्हा मुलगी हसतमुख होती. ती कोल्हापूरला शिकत होती आणि फोंडा घाटात तिला हमखास गाडी लागत असे, त्यामुळे आता प्रवासात कोणती गोळी घ्यायची, हा तिचा प्रश्न होता. गाडी लागण्यावर मेटोक्लोप्रामाइडचा तसाही विशेष उपयोग होत नाही. मी तिला प्रवासाआधी घ्यायची प्रोमेथाझिनची गोळी लिहून दिली, झोप येईल याची कल्पना दिली, आणि तिची मान सरळ करणारे इंजेक्शन याच औषधाचे होते, हेही सांगितले.