गुडघा आधी सरळ व्हायला हवा: एसीएलच्या उपचाराचा माझा अनुभव

गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला भेटायला येणारा प्रत्येक जण हमखास विचारतो, "मांडी घालता येते का?" प्रश्न आपुलकीचाच असतो, पण सुरुवातीच्या महिन्यांत विचारायचा प्रश्न वेगळा आहे: गुडघा पूर्ण सरळ होतो का? गुडघ्यातलं एसीएल नावाचं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारा पट्टा, तुटल्यापासून पुन्हा कबड्डीच्या मॅटवर उभं राहीपर्यंत मी जे काही शिकलो, त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच. वाकणं उशिरा आलं तरी चालतं. सरळ होणं राहून गेलं, तर चाल बिघडते, मांडीचा पुढचा स्नायू जागा होत नाही आणि उत्तम झालेलं ऑपरेशनही वाया जाऊ शकतं.

गुडघ्यात मुख्य लिगामेंट चार. आतल्या बाजूला एमसीएल, बाहेरच्या बाजूला एलसीएल आणि सांध्याच्या मधोमध एकमेकांना छेदून जाणारी एसीएल आणि पीसीएल. एसीएल नडगीचं हाड पुढे सरकू देत नाही आणि पाय रोवून वळताना गुडघा पिळू देत नाही. ते बहुतेक वेळा कुणाचा धक्का न लागताच तुटतं: चढाईवरून परतताना पाऊल रोवलं, अंग वळलं, गुडघा आत झुकला आणि काम झालं. बाहेरून गुडघ्यावर धक्का बसला तर आधी एमसीएल ताणलं जातं. दुचाकीवरून वाकलेल्या गुडघ्यावर पडलं, की नडगी मागे ढकलली जाते आणि पीसीएलला मार बसतो.

ओळखायला पहिल्या दिवशी तीन प्रश्न पुरतात. 'खट्' असा आवाज आला किंवा आत काही तुटल्यासारखं जाणवलं का? सूज किती वेळात आली? उठून पुढे खेळता आलं का? दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगला, तर आत रक्त साठलं आहे असं धरायचं, आणि तरुण खेळाडूत याचं सर्वांत मोठं कारण एसीएल. सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, तर मेनिस्कसची, म्हणजे सांध्यातल्या गादीची शक्यता वाढते. माझ्या गुडघ्यात आवाजही झाला होता आणि संध्याकाळपर्यंत वाटीच्या कडा दिसेनाशा झाल्या होत्या. हे एसीएलचं ठरलेलं चित्र आहे.

काही खुणा दिसल्या तर सकाळची वाट पाहू नये. पाऊल गार किंवा फिकट पडलं, बधिर झालं, चवडा वर उचलता येईना, किंवा सांधा निखळून आपोआप जागेवर बसल्याचं जाणवलं, तर थेट मोठ्या रुग्णालयात जायचं. गुडघ्यामागून जाणारी मुख्य रक्तवाहिनी दुखावलेली असू शकते आणि रक्तपुरवठा पूर्ववत करायला हातात साधारण सहा तासच असतात. गुडघा वाकलेल्या स्थितीत अडकून सरळच होत नसेल, तर फाटलेला मेनिस्कस मध्ये अडकलेला असू शकतो. तेही लवकर दाखवावं. चार पावलंही टाकता येत नसतील, गुडघा ९० अंश वाकत नसेल, वाटीवर किंवा बाहेरच्या बाजूच्या बारीक हाडाच्या टोकावर दाबल्यावर दुखत असेल, किंवा वय ५५ किंवा त्याहून जास्त असेल, तर आधी एक्स-रे.

घरी काय करायचं? बर्फ ओल्या कापडात गुंडाळून १५ ते २० मिनिटं, दर दोन-तीन तासांनी. १५ सेंमी रुंदीचं क्रेप बँडेज पोटरीपासून वर मांडीच्या मध्यापर्यंत, बोटांना मुंग्या येणार नाहीत इतपतच घट्ट. पाय उंच ठेवायचा, पण उशी टाचेखाली ठेवायची, गुडघ्याखाली नाही. गुडघ्याखालच्या उशीने फार बरं वाटतं, कारण सुजलेल्या सांध्याला थोडं वाकून राहायला आवडतं. आखडण्याची सुरुवात मात्र तिथूनच होते. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, तेल लावून रगडणं नको, आणि गुडघा 'बसवून' घेणं तर अजिबात नको. ओढाओढीने लिगामेंट जुळत नाही, मेनिस्कस मात्र आणखी फाटू शकतो.

यानंतरचा टप्पा फसवा असतो. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येतं, सरळ रेषेत पळताही येतं, आणि घरचे म्हणतात, "बरं झालं की." मग एक दिवस जिना उतरताना किंवा पटकन वळताना गुडघा सटकतो. अशा प्रत्येक सटकण्यात मेनिस्कस आणि कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचा गुळगुळीत थर, झिजतात किंवा फाटतात. म्हणून सूज उतरली तरी तपासणी टाळू नये.

तपासणीत खरी भिस्त डॉक्टरांच्या हातावर असते. लॅकमन चाचणीत गुडघा २० ते ३० अंश वाकवून, एका हाताने मांडी घट्ट धरून दुसऱ्या हाताने नडगी पुढे ओढतात. आधी चांगला पाय, मग दुखरा. चांगल्या गुडघ्यात नडगी थोडी येते आणि ठाम अडते. तुटलेल्यात ती जास्त येते आणि शेवट मऊ, अधांतरी लागतो. ताज्या सुजेत स्नायू आखडून धरतात आणि चाचणी फसू शकते. तेव्हा दहा-बारा दिवसांनी पुन्हा करून घ्यावी. गुडघ्याला हातही न लावता थेट एमआरआय लिहून देणाऱ्यापेक्षा हाताने तपासणाऱ्यावर मी जास्त विश्वास ठेवतो. एमआरआय लागतोच, पण तो मुख्यतः मेनिस्कस, कूर्चा आणि हाडाला बसलेला मार पाहण्यासाठी. रिपोर्टात 'पार्शल टेअर', म्हणजे अर्धवट फाटलं, असं लिहिलं असेल, तर गुडघा प्रत्यक्षात किती ढिला आहे यावरच त्याचा अर्थ लावायचा.

तुटलं म्हणजे ऑपरेशन असं समीकरण नाही. एकट्या एमसीएलची दुखापत बहुतेक वेळा बिजागरीच्या ब्रेसमध्ये काही आठवड्यांत भरून येते. पीसीएलच्या सौम्य आणि मध्यम दुखापतीही बऱ्याचदा व्यायामावर सांभाळता येतात, फक्त सुरुवातीला हॅमस्ट्रिंगचे, म्हणजे मांडीच्या मागच्या स्नायूचे, जोराचे व्यायाम टाळावे लागतात, कारण तो स्नायू नडगी मागे खेचतो. एसीएलच्या बाबतीत स्वीडनमधला २०१० साली प्रसिद्ध झालेला अभ्यास माहीत असावा. १२१ तरुण, सक्रिय लोकांत निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं. उरलेल्यांना आधी व्यायाम दिला आणि गरज पडली तरच ऑपरेशन. दुसऱ्या गटातल्या जवळपास निम्म्यांना पाच वर्षांनंतरही ऑपरेशन लागलं नव्हतं. माझा निर्णय ऑपरेशनचा झाला, कारण कबड्डीत पाय रोवून वळणं चुकत नाही, गुडघा सटकत होता आणि मेनिस्कस शिवण्याजोगा होता. यातलं काहीच नसतं, तर मी आधी तीन महिने मन लावून व्यायाम करून पाहिला असता.

ऑपरेशन ठरलं तरी सुजलेल्या, आखडलेल्या गुडघ्यावर घाई करू नये. तसं केल्यास आत जाड व्रण धरतो आणि सांधा कायमचा आखडू शकतो. अडकलेला मेनिस्कस हा याला अपवाद. आत जाण्यापूर्वी गुडघा दुसऱ्याइतका सरळ व्हायला हवा, सूज जवळपास गेलेली असावी, लंगडणं थांबलेलं असावं आणि गुडघा जराही न वाकवता ताठ पाय उचलता यायला हवा.

ऑपरेशनमध्ये तुटलेलं लिगामेंट शिवण्यापेक्षा बहुतेक वेळा नवं घालतात. त्यासाठी स्वतःचीच नस (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) घेतात, तिला ग्राफ्ट म्हणतात: हॅमस्ट्रिंगच्या दोन नसा, वाटीखालची नस दोन्ही टोकांच्या हाडाच्या तुकड्यांसह, वाटीवरची क्वाड्रिसेप्सची (मांडीच्या पुढच्या स्नायूची) नस, किंवा आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी घोट्याजवळची पेरोनियस लाँगस. हॅमस्ट्रिंगचा ग्राफ्ट आठ मिलिमीटरपेक्षा बारीक भरला, तर पुन्हा तुटण्याचा धोका वाढतो. म्हणून बारीक निघाला तर काय करणार, हे सर्जनना आधीच विचारावं. ग्राफ्ट हाडात पक्का धरणारे बटण आणि स्क्रू कुठल्या कंपनीचे, कुठल्या धातूचे, हेही विचारावं. त्यांच्या वेष्टनावरचे स्टिकर फाइलमध्ये लावून घ्यावेत. विमा कंपनी ते मागते, आणि पुढे कधी दुसरं ऑपरेशन लागलं तर सर्जनलाही उपयोग होतो.

खरं काम टाके पडल्यावर सुरू होतं. सूज असली की मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूला आपोआप बंद ठेवतो, कितीही जोर लावला तरी. त्याला जागं करायला गुडघ्याखाली, फक्त व्यायामापुरती, टॉवेलची छोटी गुंडाळी ठेवायची आणि तिला खाली दाबत वाटी मांडीकडे ओढायची. पाच ते दहा सेकंद धरायचं. दहा वेळा, आणि जागे असताना दर तासाला. नजर वाटीच्या आतल्या, वरच्या बाजूच्या स्नायूवर ठेवायची. तो उचलून कडक झालेला दिसला, तरच व्यायाम झाला. नुसती टाच दाबून किंवा नितंब आवळून फसवणूक होते. हलत नसेल तर फिजिओकडून विजेच्या उत्तेजनाची मदत घ्यावी.

सरळ करण्यासाठी टाच उंच टॉवेलवर ठेवून गुडघा अधांतरी सोडायचा, दहा मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. आतल्या आत ओढ बसते, ती सहन करायची. मोजमापाची एक सोपी युक्ती आहे: पलंगावर पालथं झोपून नडग्या कडेबाहेर सोडायच्या आणि दोन्ही टाचांच्या उंचीतला फरक पट्टीने मोजायचा. एक सेंटिमीटर म्हणजे साधारण एक अंश. हा आकडा रोज वहीत लिहावा. सहा-आठ आठवड्यांनीही शेवटचे काही अंश अडत असतील आणि पुढच्या बाजूला टोचत असेल, तर ग्राफ्टसमोर व्रणाची गाठ धरलेली असू शकते. अशा वेळी जोर लावत बसण्यापेक्षा सर्जनना दाखवावं.

वाकवणं बेताने. साधारण दोन आठवड्यांत ९० अंश आणि सहा आठवड्यांत १२० च्या आसपास आलं, तर गाडी रुळावर आहे. मेनिस्कस शिवलेला असला की हिशेब बदलतो. मला सुरुवातीचे आठवडे कुबड्या होत्या आणि वजन देऊन ९० च्या पुढे वाकायची मनाई होती. घरात भारतीय पद्धतीचं शौचालय असेल, तर घडीची कमोड खुर्ची ऑपरेशनच्या आधीच आणून ठेवावी. पोटरी दुखून सुजली, धाप लागली, ताप आला, किंवा टाक्यांतून स्राव येऊ लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत.

व्यायाम वाढवायचा की कमी करायचा, हे सूज सांगते. पाय सैल सोडून गुडघ्याच्या आतल्या बाजूचं पाणी तळहाताने वरच्या दिशेने दोन-तीनदा सारायचं, मग बाहेरच्या बाजूने वरून खाली हात फिरवायचा. आतल्या खळग्यात पाण्याची लाट उठली, तर सांध्यात सूज आहे. आदल्या दिवसापेक्षा ती वाढली असेल, तर कालचा व्यायाम जास्त झाला. त्या दिवशी भार उतरवायचा.

सहाव्या ते बाराव्या आठवड्यात सावध राहावं लागतं. दुखणं गेलेलं असतं, पाय हलका वाटतो, आणि नेमका याच काळात ग्राफ्ट सर्वांत कमजोर असतो, कारण जुन्या नसेतल्या पेशी मरून नव्या रक्तवाहिन्या आत शिरत असतात. या महिन्यांत पळापळ नाही. लेग प्रेस, उथळ स्क्वॉट, पायरीवर एका पायाने चढ-उतार, सायकल. पळणं तीन-चार महिन्यांनंतर, तेही सूज नसेल आणि दुखऱ्या पायाची ताकद दुसऱ्याच्या किमान ७० टक्के असेल तरच.

खेळात परतण्यासाठी तारीख आणि चाचणी दोन्ही लागतात. नऊ महिन्यांच्या आत नाही. २०१६ सालच्या एका अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवलं, तितका पुन्हा दुखापतीचा धोका दर महिन्यामागे सुमारे निम्म्याने कमी झाला. चाचणीत मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद आणि एका पायावरच्या उड्या, एक उडी, सलग तीन, नागमोडी आणि सहा मीटर वेळ लावून, या सगळ्यात दुखरा पाय दुसऱ्याच्या ९० टक्क्यांच्या पुढे हवा. उड्यांत पास होऊन ताकदीत नापास होणारे पुष्कळ असतात. कंबर आणि घोटा गुडघ्याची उणीव झाकून टाकतात, म्हणून ताकद यंत्रावर वेगळी मोजावी. मॅटवर मी आधी एकट्याने चढाईच्या हालचाली केल्या, मग पकड नसलेल्या चढाया, मग ठरवून केलेल्या पकडी आणि सर्वांत शेवटी सामना. घोट्याची पकड सर्वांत उशिरा, कारण तिथे पाऊल अडकतं आणि वरचं अंग फिरतं.

मांडी आणि उकिडवं बसणं मेनिस्कस शिवलेल्यांना साधारण चार ते सहा महिन्यांनी, सर्जनच्या परवानगीने. आधी उंच लोडावर, मग हळूहळू खाली. आणि सराव दोन्ही पायांचा ठेवायचा, कारण तरुण खेळाडूंत चांगल्या गुडघ्याचंही एसीएल तुटण्याचा धोका मोठा असतो: आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं, उडीवरून उतरताना गुडघा पावलाच्या रेषेत, आत न झुकू देता.