ब्रिटनमधले मुसलमान वाचायचे असतील, तर 'मुस्लिम' हा शब्द शेवटी शोधा

ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मराठी वाचकाला इथल्या मुसलमानांविषयी वाचावंसं वाटलं, की तो ग्रंथालयाच्या संगणकावर 'मुस्लिम' असा शब्द टाकतो. समोर येणारी पुस्तकं बहुतेक १९८९ नंतरची असतात. फतवा, दहशतवाद, बुरखा. दहा-बारा मुखपृष्ठं पाहिली की वाटायला लागतं, हा समाज इथे परवा आला आणि आल्या दिवसापासून 'प्रश्न' होऊन बसला. हा समज चूक आहे आणि तो शोधशब्दामुळे होतो. तीनशे वर्षांपूर्वीही लंडनच्या गोदीत मुसलमान होते. पण कागदोपत्री ते 'लास्कर' होते, 'एशियाटिक' होते, 'महोमेडन' होते, पुढे 'कलर्ड', मग 'पाकिस्तानी', काही वर्षं चक्क 'ब्लॅक' होते. काळ बदलला की शोधायचा शब्द बदलायचा, ही पहिली गोष्ट.

सुरुवात 'लास्कर'पासून करा. हा आपलाच शब्द आहे, फारसी 'लष्कर'मधून आलेला. युरोपी जहाजांवरच्या आशियाई खलाशांना तो लागला. इंग्रजी कागदांत पुढे 'सेरांग' आणि 'टिंडल' भेटतात. इंग्रज वाचकाला त्यासाठी तळटीप लागते, कोकणातल्या माणसाला लागत नाही. ते आपले सारंग आणि तांडेल. मोठ्या कंपन्यांच्या बोटींवर कामाची ढोबळ वाटणी ठरलेली असे. डेकवर कोकण-गुजरातकडचे, इंजिनखोलीत पंजाबी आणि पठाण, सलूनमध्ये गोव्याचे ख्रिस्ती. म्हणून 'लास्कर' दिसला की मुसलमान, असं धरून चालू नका. नाव, गाव आणि जहाजावरचं काम अशा तीन खुणा जुळल्या तरच नोंद करा.

घरबसल्या, अगदी रत्नागिरीत बसूनही वाचता येण्यासारखं साधन म्हणजे ओल्ड बेली या लंडनच्या फौजदारी न्यायालयाच्या १६७४ ते १९१३ या काळातल्या छापील कामकाजाची वेबसाइट. ती फुकट आहे आणि शब्दागणिक शोधता येते. आधी 'लास्कर' टाका, मग 'महोमेट', 'महोमेड', 'मोहमद', 'मुसलमान' अशी एकेक स्पेलिंग वेगवेगळी शोधा. एकाच माणसाचं नाव एकाच खटल्यात दोन तऱ्हांनी छापलेलं असू शकतं. खलाशी दुभाष्यामार्फत बोलत असेल, तर छापील वाक्य त्याचं नसून दुभाष्याचं आणि लेखनिकाचं असतं, हे पेन्सिलीने समासात लिहून ठेवा. कुठे कुराणावर शपथ दिल्याची नोंद असते. धर्म नक्की कळायची ती चांगली जागा.

या खलाशांबद्दलचे दोन कायदे माहीत असले की पुढचं बरंच उलगडतं. १८२३च्या कायद्याने लास्करांना ब्रिटिश खलाशी मानायचं नाही असं ठरलं, जरी ते ब्रिटिश प्रजा होते तरी. १९२५च्या आदेशाने 'कलर्ड' परदेशी खलाशांना पोलिसांकडे नाव नोंदवणं सक्तीचं झालं. आपण ब्रिटिश प्रजा आहोत हे कागदाने सिद्ध करता आलं नाही, तर येमेनी, सोमाली, हिंदी खलाशी साम्राज्यातला असूनही परदेशी ठरे. जन्मदाखला कोणाकडे असणार? साम्राज्य, वंश आणि धर्म यांची गाठ इथे पडते. आदेशात धर्माचा उल्लेख नाही, रंगाचा आहे. पण त्याच्या कचाट्यात सापडलेल्यांत मोठा भरणा मुसलमानांचा होता.

शेख दीन मुहम्मद हे नाव बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पाटण्याचा हा माणूस कंपनीच्या सैन्यातून आयर्लंडला आला आणि १७९४ साली कॉर्कमध्ये त्याने आपलं प्रवासवर्णन छापलं. भारतीय माणसाने इंग्रजीत लिहिलेलं हे पहिलं पुस्तक. १८१०मध्ये लंडनच्या जॉर्ज स्ट्रीटवर त्याने भारतीय खाद्यगृह काढलं, दोन वर्षांत दिवाळं निघालं, पुढे ब्रायटनमध्ये चंपीची हमामं चालवून नाव कमावलं. त्याने आयरिश प्रोटेस्टंट मुलीशी लग्न केलं आणि त्याची कबर ब्रायटनमध्ये चर्चच्या आवारात आहे. 'पहिला ब्रिटिश मुसलमान' अशी पाटी त्याच्यावर लावणारे लेख सर्रास दिसतात. ते बाजूला ठेवावेत. त्याचं पुस्तकच वाचा, ते आकाराने लहान आहे.

आता सगळ्यात समृद्ध साठा. पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१४मध्ये हिंदी फौजा फ्रान्सच्या मार्से बंदरात उतरल्या. सैनिकांची पत्रं तपासायला लष्कराने सेन्सॉर कचेरी उघडली. दर आठवड्याला पत्रांतले उतारे इंग्रजीत भाषांतर करून अहवालाला जोडले जात. ते अहवाल ब्रिटिश लायब्ररीत, इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत: आयओआर, एल, एमआयएल, ५, क्रमांक ८२५ ते ८२८. हा क्रमांक वहीत लिहून ठेवा, वेब-लिंक नको. ऑक्टोबर २०२३च्या सायबर हल्ल्यानंतर लायब्ररीच्या कितीतरी जुन्या लिंका मेल्या. दप्तराचा क्रमांक मात्र तोच राहतो.

वाचक-पास फुकट मिळतो. आधी ऑनलाइन नोंदणी करायची, मग सही असलेला एक आणि घरचा पत्ता असलेला एक, असे दोन अस्सल पुरावे घेऊन लंडनच्या सेंट पॅन्क्रसमधल्या लायब्ररीत जायचं. बँकेच्या कागदावर जुना पत्ता असेल तर तिथेच अडतं. आशिया-आफ्रिका वाचनकक्ष तिसऱ्या मजल्यावर आहे. पिशवी लॉकरमध्ये, सोबत पारदर्शक पिशवी, शाईचं पेन बंद, फक्त पेन्सिल. दप्तर आधी मागवून ठेवा. आयत्या वेळी मागितलं तर दिवस वाया जातो. तिथवर जाणं जमणार नसेल, तर याच अहवालांमधली सहाशेहून अधिक पत्रं डेव्हिड ओमिसी यांनी १९९९मध्ये निवडून छापली आहेत. सार्वजनिक ग्रंथालयाच्या शाखेत तो खंड नसला, तरी दुसऱ्या ग्रंथालयातून मागवायची सोय असते.

ही पत्रं कथेसारखी सलग वाचली की फसगत होते. अक्षरओळख नसलेला शिपाई कोणाकडून तरी पत्र लिहून घेई. ते पलटणीतला अधिकारी चाळे, मग मुख्य सेन्सॉर. तिथे निवडलेल्या तुकड्याचं भाषांतर होई आणि मूळ पत्रं बहुतेक उरलेली नाहीत. म्हणजे आपल्या हाती चौथ्या हातातून आलेला उतारा असतो. शिपायांनाही हे ठाऊक होतं, म्हणून ते आडून लिहीत. 'काळी मिरी' म्हणजे हिंदी शिपाई आणि 'लाल मिरची' म्हणजे गोरे, हे सेन्सॉरने ओळखलं होतं. मसाल्याच्या डब्यातून कळवलेली ही बातमी वाचताना अंगावर काटा येतो. प्रत्येक उताऱ्यासाठी वहीत तारीख, पलटण, कुठून, कोणाला आणि मूळ भाषा असे पाच रकाने करा. धर्माचा रकाना नंतर भरा, नावावरून घाईने नको.

नोव्हेंबर १९१४मध्ये ऑटोमन सुलतानाने जिहाद पुकारला आणि ब्रिटिशांना हिंदी मुसलमानांच्या निष्ठेची धास्ती पडली. ब्रायटनच्या राजवाड्यात जखमींसाठी रुग्णालय निघालं, तिथे वेगवेगळ्या धर्म-जातींसाठी नऊ स्वयंपाकघरं होती, हिंदू-मुसलमानांच्या पाण्याचे नळही वेगळे. याची छायाचित्रं पोस्टकार्डांवर छापून प्रचार झाला. शहरातल्याच दुसऱ्या रुग्णालयात मात्र बरे होत आलेल्या शिपायांनी बाहेर पडून गोऱ्या बायकांत मिसळू नये म्हणून कुंपणाला काटेरी तारा होत्या. धर्माचा मान आणि रंगाची भीती एकाच गावात एकाच वेळी नांदत होती. या विषयावरच्या पुस्तकाने फक्त नऊ स्वयंपाकघरं दाखवली आणि तारा गाळल्या, तर त्याच्यावर विसंबू नका. तसंच १९१६मध्ये बसऱ्यात १५व्या लान्सर्सच्या मुसलमान स्वारांनी पुढे कूच करायला नकार दिला, ते प्रकरणही ज्या ग्रंथात आहे तोच निवडा.

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळासाठी नदीफा मोहमद यांची 'द फॉर्च्यून मेन' ही २०२१ची कादंबरी घ्या. ब्रिटिश सोमालीलँडहून कार्डिफला आलेला खलाशी महमूद मत्तन याला एका दुकानदारणीच्या खुनासाठी ३ सप्टेंबर १९५२ रोजी फाशी दिलं. ज्युरीसमोर त्याच्या स्वतःच्या वकिलाने त्याला अर्धा रानटी म्हटलं होतं. १९९८मध्ये अपील न्यायालयाने शिक्षा रद्द केली. चुकीच्या निकालांची तपासणी करणाऱ्या नव्या आयोगाने न्यायालयाकडे पाठवलेलं ते पहिलं प्रकरण होतं. कादंबरीत खून झालेल्या बाईचं नाव बदललं आहे. त्यामुळे जुन्या वर्तमानपत्रांत कादंबरीतलं नाव शोधलं तर काहीच सापडत नाही. खटला मत्तनच्या नावाने शोधा, तोही 'महमूद', 'महमुद', 'मोहमूद' अशा सगळ्या स्पेलिंगांनी. ब्रिटिश वृत्तपत्रांचा मोठा संग्रह एरवी वर्गणी भरून वाचावा लागतो, ब्रिटिश लायब्ररीच्या वाचनकक्षात फुकट दिसतो. वाचताना १९५२च्या मजकुराकडे नीट बघा. आरोपी 'सोमाली' आहे, 'कलर्ड' आहे. आज हीच बातमी कोणत्या शब्दाने सुरू झाली असती, याचा विचार करा.

शब्द बदलला तो कसा, हे कायद्यात दिसतं आणि हा भाग समजल्याशिवाय इथली चर्चा नुसती आरडाओरड वाटते. १९७६च्या वंशसंबंध कायद्यात रंग, वंश, राष्ट्रीयत्व, वांशिक किंवा राष्ट्रीय मूळ असे आधार होते; धर्म नव्हता. एका शीख मुलाला पगडीसह शाळेने घेतलं नाही, तेव्हा १९८३मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचं सर्वोच्च अपील न्यायालय) शीख हा वांशिक गट आहे असा निकाल दिला. ज्यूंनाही संरक्षण होतं. मुसलमान अनेक देशांचे आणि वर्णांचे, म्हणून ते 'वंश' ठरले नाहीत. नोकरीत 'पाकिस्तानी' म्हणून डावललं तर दावा करता येई. 'मुसलमान' म्हणून डावललं तर सरळ दावा उभा राहत नसे. नोकरीपुरतं संरक्षण २००३च्या नियमांनी आलं, पुढे २०१०च्या समता कायद्यात सगळं एकत्र झालं. त्यात भर म्हणजे ईशनिंदेचा जुना कायदा फक्त ख्रिस्ती धर्माचं रक्षण करी. तो इंग्लंड आणि वेल्समध्ये २००८मध्ये रद्द झाला. जानेवारी १९८९मध्ये ब्रॅडफर्डला सलमान रश्दींचं 'द सॅटॅनिक व्हर्सेस' हे पुस्तक जाळलं गेलं, त्याचं समर्थन करायची गरज नाही. पण त्या गर्दीला कोणत्या कायद्याचं दार बंद वाटत होतं, हे या दोन गोष्टींशिवाय कळत नाही.

म्हणून पुस्तक उघडण्याआधी त्याचं प्रकाशनवर्ष बघा. १९७०-८०च्या दशकांतल्या पुस्तकात 'ब्लॅक' म्हणजे अनेकदा आशियाईसुद्धा. १९७९मध्ये निघालेल्या 'साउथॉल ब्लॅक सिस्टर्स' या संघटनेत दक्षिण आशियाई बायका होत्या. हे माहीत नसेल तर आकडे आणि निष्कर्ष दोन्ही चुकीचे वाचले जातात. जनगणनेचंही तसंच. इंग्लंड आणि वेल्समध्ये माणसाचा धर्म विचारणारा प्रश्न २००१मध्ये आला, तोही ऐच्छिक. त्यामुळे २००१च्या आधीचे मुसलमानांचे आकडे जन्मदेशावरून काढलेले अंदाज असतात. २०२१मध्ये ही संख्या ३९ लाख, म्हणजे ६.५ टक्के होती.

पडद्यावर हा बदल दोन कलाकृतींत दिसतो. 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट' हा १९८५चा चित्रपट आणि 'वी आर लेडी पार्ट्स' ही चॅनल फोरवरची २०२१ची मालिका. पहिल्यात कुटुंबाची ओळख 'पाकिस्तानी' आहे आणि झगडा पैसा, वर्ग आणि रस्त्यावरच्या गोऱ्या टोळक्यांशी आहे. दुसरीत मुसलमान मुलींचा पंक बँड आहे आणि मुसलमान म्हणजे कोण यावर त्यांच्यातच वाद रंगतात. चॅनल फोरची वेबसाइट इथे जाहिरातींसह फुकट चालते. भारतातून ती उघडत नाही.

एडवर्ड सईद यांचं १९७८चं 'ओरिएंटॅलिझम' कोणीतरी हातात देईलच. पण सुरुवात त्याने करू नका. त्यातला मुख्य भर अरब जगावर आहे, हिंदुस्थान तिथे कडेला येतो. आपला वाचक पहिल्या शंभर पानांत दमतो. त्यांचं १९८१चं 'कव्हरिंग इस्लाम' वर्तमानपत्रं आणि टीव्हीबद्दल आहे, ते आधी वाचलं तर मोठा ग्रंथ सोपा जातो.

मराठी वाचकाच्या मनात या विषयाला हमीद दलवाईंचा साचा असतो: समाजसुधारणा, तलाक, समान कायदा. ते प्रश्न इथेही आहेत. पण इथल्या लेखनात मध्यवर्ती धागा रंगाचा आणि नागरिकत्वाचा आहे. इथल्या लेखकाने सुधारणेबद्दल लिहिलं नाही म्हणून त्याला पुराणमतवादी ठरवणं अन्यायाचं आहे. तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत असतो.

एक दिवस पायपिटीचा ठेवा. वॉटर्लू स्टेशनवरून वोकिंग. तिथे १८८९ची शाहजहान मशीद आहे, भोपाळच्या बेगमेच्या देणगीतून उभी राहिलेली. जवळच हॉर्सेल कॉमनवर मुसलमान शिपायांचं दफनस्थान होतं. कबरींची नासधूस होऊ लागली तेव्हा त्या पुढच्या ब्रुकवुड स्टेशनजवळच्या लष्करी दफनभूमीत हलवल्या आणि मूळ जागी आता बाग आहे. ब्रुकवुडलाच कुराणाचे दोन गाजलेले इंग्रजी भाषांतरकार पुरलेले आहेत, अब्दुल्ला युसूफ अली आणि मार्माड्यूक पिकथॉल. हे पिकथॉल १९२०च्या दशकात मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक होते. दफनभूमी अफाट आहे. जाण्याआधी युद्धकबर आयोगाच्या वेबसाइटवरून विभाग, ओळ आणि कबरीचा क्रमांक उतरवून घ्या. सोबत पलटण आणि शिपायाचा नंबरही घ्या, कारण दगडावरच्या नावाचं स्पेलिंग सेन्सॉरच्या कागदाशी जुळेलच असं नाही.