लगाम कुणाच्या हातात?

काल जीन ऑट्री या अमेरिकन गायक-नटाचा जुना कृष्णधवल सिनेमा लावला होता. तो घोड्यावर बसून गिटार वाजवत गात होता. आई डोकावली. "दोन्ही हात गिटारला, मग लगाम कोण धरतंय?"

हसलो, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

टेक्सासमध्ये जन्मलेला, ओक्लाहोमात रेल्वेचा तारबाबू असलेला हा माणूस गाता गाता पडद्यावरचा काउबॉय झाला. 1942 साली, ऐन भरात, सैन्यात गेला आणि मालवाहू विमानं चालवू लागला. इकडे स्टुडिओने रॉय रॉजर्स या दुसऱ्या गाणाऱ्या काउबॉयला पुढे आणलं. परत येऊन ऑट्री रडत बसला नाही. रेडिओ स्टेशनांचा मालक झाला, मग 1961 पासून चक्क बेसबॉलच्या संघाचा! गाण्यापेक्षा मला ही अक्कल भारी वाटते.

नाताळात मॉलमध्ये लाल नाकाच्या रेनडिअरचं गाणं वाजतं ना? ते 1949 साली गाजवलं यानंच. माहीत होतं कुणाला?